कानातील मेणबत्ती आणि रिकाम्या गाडीचे वजन



या पत्रिकेत आम्ही एरवी बेण्याविषयी, खताच्या मात्रेविषयी, हुमणीविषयी लिहितो. या अंकातील पाठ मात्र उसाचा नाही, कानाचा आहे. तो लिहिण्यास कारण घडले ते असे.

लागणीच्या नोंदी चालू असताना एक वयस्कर सभासद गट ऑफिसात आले. त्यांचा गट नंबर आम्ही तीनदा विचारला, तेव्हा कुठे त्यांना ऐकू गेले. "डाव्या कानानं ऐकूच येईना झालंय बघा," असे म्हणत त्यांनी पिशवीतून एक पुडके काढले. नातू पुण्याला कंपनीत आहे. त्याने मोबाईलवरून कानात लावावयाच्या मेणबत्त्या मागवून आजोबांना पाठविल्या होत्या. पुडक्यात चार होत्या. दोन घरी दोन्ही कानांत लावून झाल्या होत्या, दोन शिल्लक होत्या. जळून उरलेली थोटकेही त्यांनी कागदात बांधून आणली होती. "हे बघा, केवढा मळ निघालाय. पण ऐकायला काही येईना. राहिलेल्या दोन बी लावू का?"

ऑफिसात बसलेल्या मंडळींत लगेच दोन तट पडले. एक म्हणाले, "लावा की, एवढा निघालाय म्हणजे आत अजून असणार." दुसरे म्हणाले, "कानाजवळ जाळ नेणं काही बरं नाही." आम्ही म्हणालो, भांडण कशाला? आपण उसाचे वजन करतो तसे करून पाहू. ते कसे केले व त्यातून काय निघाले, हाच आजचा पाठ.

ही मेणबत्ती असते तरी कशी?

आपल्या देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीसारखी ही भरीव नसते. सुती कापडाची पट्टी मेणात बुडवून तिची पोकळ नळी वळलेली असते. लांबी साधारण वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक. माणसाने कुशीवर निजावयाचे, नळीचे बारीक तोंड कानात बसवावयाचे आणि वरचे तोंड पेटवावयाचे. दहा-पंधरा मिनिटांनी ती विझवून काढली की बुडाशी तपकिरी, पिवळट, मेणचट गोळा व भुकटी सापडते. विकणारा सांगतो की, ज्योतीच्या उष्णतेने नळीत ओढ तयार होते आणि कानातला मळ वर खेचला जातो, तोच हा.

ही विद्या अमेरिकेतील होपी नावाच्या आदिवासी जमातीची प्राचीन ठेव आहे, असेही पुष्कळ वेष्टनांवर सांगितलेले असते. त्या जमातीने मात्र, आमच्यात अशी कोणतीही रीत नाही, असे स्पष्ट सांगितलेले आहे. म्हणजे वंशावळच खोटी निघाली. तरीही आम्ही म्हणतो, वंशावळ बाजूला ठेवू. औषध कोठून आले यापेक्षा ते गुण देते का, हे महत्त्वाचे.

आपल्याला हे खरे का वाटते?

याचे कारण आपल्याच घरात आहे. पोटात दुखू लागले, बेंबी सरकली असे कोणी म्हटले की, जुनी माणसे पोटावर लहानसा दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालीत. दिवा विझे आणि तांब्या पोटाला असा चिकटे की, ओढूनही सुटत नसे. तुंबडी लावण्याचा प्रकारही तोच. हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असल्याने जाळाने ओढ लागते, ही गोष्ट आपल्या मनात पक्की बसलेली आहे. पोटाला असा गुण येतो की नाही, हा वेगळा विषय. परंतु तांब्या चिकटतो हे सत्य आहे.

तो का चिकटतो, हे नीट पाहावे. दिवा जळत असताना तांब्यातली हवा तापते, फुगते व काही बाहेर निघून जाते. तांब्याचे तोंड कातडीवर घट्ट बसलेले. दिवा विझला की आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरून हवा आत शिरण्यास जागा नसते. म्हणून कातडी वर उचलली जाते. येथे दोन गोष्टी आवश्यक आहेत. भांडे सर्व बाजूंनी बंद पाहिजे, आणि जाळ विझून हवा निवली पाहिजे. कानातील मेणबत्तीचे वरचे तोंड उघडे असते आणि जाळ चालू असतो. दोहोंपैकी एकही अट पुरी होत नाही. उघड्या तांब्याने ओढ लागेल काय?

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. पॅनमध्ये रस शिजतो तो निर्वात स्थितीत. त्यामुळे पाक साठ-सत्तर अंश तापमानाला उकळतो व साखर करपत नाही. हा निर्वात राखण्यासाठी पंप असतो, कंडेन्सर असतो, झाकणे आवळलेली असतात. एखाद्या जोडातून जरा हवा शिरली तर मापकाचा काटा खाली येतो आणि पॅनमन धावत सुटतो. एवढ्या खटाटोपाने जी ओढ मिळते, ती वरून सताड उघड्या कापडी नळीने कशी मिळावी?

कोणी म्हणेल, चिमणी तर दोन्हीकडून उघडी असते, तरी धूर ओढते ना? बरोबर. पण चिमणीला खालून हवा मिळत असते, ती तापून वर जाते. येथे खालचे तोंड कानात बंद झालेले. शिवाय चिमणीची ओढ तिच्या उंचीवर असते. वीतभर नळीची ओढ पाण्याच्या पातळीत मोजली तर एक मिलिमीटरही भरणार नाही. कानातला मळ चिकट असतो, काकवीसारखा किंवा त्याहून घट्ट. तो जागचा हलविण्याइतकी ओढ जर खरोखरच सबंध कानात तयार झाली, तर मळाआधी कानाचा पडदाच फाटेल.

आम्ही केलेले वजन

आता गट ऑफिसातली हकीकत पुढे सांगतो. वजनकाट्यावर आपण काय करतो? भरलेली गाडी तोलतो, ऊस गव्हाणीत पडल्यावर रिकामी गाडी तोलतो, आणि दोहोंतला फरक तो ऊस. कोणी रिकाम्या गाडीचे वजनच केले नाही आणि भरलेल्या गाडीचा सगळा आकडा ऊस म्हणून मांडला, तर कोणी सभासद ते मान्य करील काय? मेणबत्ती विकणारा नेमके हेच करतो. कानात जाळलेली नळी दाखवितो, पण कानाशिवाय जाळलेली नळी कधी दाखवीत नाही.

म्हणून आम्ही उरलेल्या दोहोंपैकी एक नळी घेतली. स्टीलच्या स्वच्छ पेल्यावर पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्याला भोक पाडून नळीचे बारीक तोंड त्यात घट्ट बसविले, आणि ऑफिसच्या पाठीमागे मोकळ्या अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून ती पेटविली. जेवढी घरी जाळली होती तेवढीच जाळली. मग ती विझवून ब्लेडने उभी चिरली, आणि शेजारी घरून आणलेली दोन थोटके चिरून ठेवली.

तिन्हींत तोच तपकिरी गोळा, तीच पिवळी भुकटी. कोणती कानातली आणि कोणती पेल्यावरची, हे चिटबॉयने जागा बदलून ठेवल्यावर कोणालाही ओळखता येईना. आमचे सभासद थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे ह्या पेल्याच्या कानात बी मळ होता म्हणा की!"

सगळे हसले, पण पाठ त्या एका वाक्यात आला. जो गोळा निघतो तो जळालेल्या मेणाचा व कापडाचा. तो मेणबत्तीचाच मळ होय. आपल्या भाषेत बोलायचे तर कानातल्या मळाचा उतारा शून्य.

रिंगणीच्या बियांची आठवण

असा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दात किडला की रिंगणीच्या बियांची धुरी घेण्याची रीत पुष्कळ गावांत होती. धुरी दिली की पाण्यात दातातले किडे पडतात, असे सांगत. काही फिरते वैदू तर दातातली कीड कानातून काढून दाखवीत. युरोपातही कित्येक शतके खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी दातासाठी दिली जात असे, आणि तेथेही पाण्यात किडे दिसत. शेवटी लोकांनी बारकाईने पाहिले, तेव्हा ते किडे नसून उष्णतेने फुटलेल्या बियांतले पांढरे कोंब आहेत, असे निघाले. दाताच्या पोकळीत असा किडा नसतोच. औषधातूनच निघालेली वस्तू रोग म्हणून दाखवायची, हा जुनाच डाव आहे. मेणबत्तीने तो नव्या वेष्टनात आणला, एवढेच.

धुरी घेणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. आपल्याजवळ आहे.

जाणत्यांनी काय पाहिले?

आमचा प्रयोग तीन थोटकांचा. परंतु डॉक्टरांनीही हेच तपासलेले आहे. अमेरिकेतील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी 1996 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेणबत्ती जळत असताना कानाच्या नळीच्या प्रतिकृतीतल्या हवेचा दाब यंत्राने मोजला. ओढ मुळीच आढळली नाही. आठ कानांवर प्रयोग केला, त्यांत कोणाचाही मळ निघाला नाही. उलट काही कानांत मेणबत्तीचे मेण सांडून बसले. त्याच अभ्यासात 122 कानतज्ज्ञांकडे विचारणा केली, तेव्हा या उपायाने झालेल्या 21 इजा पुढे आल्या. बहुतेक भाजल्याच्या, काही कानाची नळी मेणाने बुजल्याच्या, आणि एकाच्या पडद्याला भोक पडल्याची.

पुढे 2010 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, या मेणबत्त्या सूचनेप्रमाणे वापरल्या तरी गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा जनतेला दिला. मळाच्या उपचाराविषयी तेथील कानतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली जे मार्गदर्शन सुधारून काढले, त्यातही हा उपाय करू नये असे स्वच्छ म्हटले आहे. आपल्या देशात 1954 चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. ज्या रोगांवर हमखास इलाज म्हणून जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे, त्या यादीत बहिरेपणाही आहे. तेव्हा ऐकू येण्याची हमी देणारी जाहिरात दिसली की, आधी शंका घ्यावी.

कानाची नळी व मळ यांविषयी थोडे

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर. ती सरळ नसून वाकडी असते. तिच्या शेवटी पडदा. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. पडद्यापलीकडे हातोडी, ऐरण व रिकिब अशी तीन चिमुकली हाडे. आवाजाने पडदा हलतो, हाडे हलतात आणि आतल्या शंखाकृती भागातून संदेश मेंदूला जातो.

आता महत्त्वाचे. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या एक-तृतीयांश भागातच असतात. पडद्याजवळ मळ तयारच होत नाही. मग तिथे तो जातो कसा? आपणच लोटतो. काडेपेटीची काडी, केसाची पिन, किल्ली, कापसाची काडी यांनी आपण चिमूटभर मळ बाहेर काढतो आणि मूठभर आत ठोकून बसवितो. उखळीत मुसळ मारावे तसे.

मळ ही घाणही नव्हे. त्यात धूळ अडकते, बुरशी व जंतू वाढू शकत नाहीत, कातडी ओलसर राहते. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते, आणि आपण चावतो, बोलतो तेव्हा जबडा हलून जुना मळ आपोआप बाहेर येतो. बहुतेकांच्या कानाला कसल्याच साफसफाईची गरज नसते. बाहेर आलेला मळ फडक्याच्या टोकाने पुसावा, इतकेच.

मेणबत्तीपेक्षाही मोठे नुकसान

भाजणे, मेण सांडणे हे धोके दिसणारे आहेत. आम्हाला याहून मोठा धोका वाटतो तो वेळ वाया जाण्याचा. ऐकू कमी येण्याचे कारण दरवेळी मळच असते असे नाही. पडद्याला जुने भोक असेल, कान वाहत असेल, वय झाले असेल, मिलच्या किंवा ट्रॅक्टरच्या आवाजाने आतली नस थकली असेल. यांत मळाचा संबंध नाही.

विशेषतः एका-दोन दिवसांत, काही कारण नसता, एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब समजावी. अशा रोग्याला पहिल्या काही दिवसांत औषध मिळाले तर ऐकू येणे परत मिळण्याची संधी अधिक असते. ते दिवस मेणबत्ती, तेल, लसूण यांत गेले तर पुढे डॉक्टरही हात टेकतात.

तसेच घाण वास येणारा पू कानातून वाहत असेल तर तो साधा कान फुटलेला आहे असे समजू नये. काही प्रकारांत आतले हाड कुरतडले जाते, चेहरा वाकडा होतो, आणि विकार मेंदूपर्यंत पोहोचतो. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी कानाचे ठणकणे एक दिवसही अंगावर काढू नये.

मग घरी करावे तरी काय?

आमचे म्हणणे मेणबत्ती नको एवढेच नाही. घरात रोज जे चालते त्यातले पुष्कळ सुधारावे लागेल.

1. लसूण घालून कढविलेले तेल कानात घालू नये. फोडणीच्या पळीतले तेल बोटाला कोमट लागले तरी पडद्याला भाजू शकते. पावसाळ्यात तेल व ओल एकत्र आली की कानात बुरशी धरते, खाज सुटते, कान दडपतो, आणि आपण पुन्हा तेलच घालतो.

2. कान वाहत असेल, पूर्वी पडदा फाटलेला असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेल, पाणी, दूध, पाल्याचा रस, काहीही घालू नये. कान कोरडा ठेवावा. अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवावा व नंतर काढावा.

3. मळच आहे असे डॉक्टरांनी पाहून सांगितले, तर ते मळ मऊ करणारे थेंब देतात. काही दिवस थेंब घातल्यावर मळ पुष्कळदा आपोआप सुटतो, नाही तर ते कोमट पाण्याच्या पिचकारीने किंवा बारीक नळीच्या यंत्राने, आत बघत बघत, तो काढतात. ओढ लावायचीच तर ती अशी, मळाला टेकवून व डोळ्यांनी पाहून. पिचकारीचे पाणी फार गार किंवा फार गरम असेल तर घेरी येते, म्हणून तेही काम घरी करू नये.

4. कानात जिवंत किडा गेला आणि कान पूर्वीपासून निरोगी असला, तर कान वर करून निजावे, साधे न तापविलेले खोबरेल किंवा गोडे तेल काही थेंब सोडावे. किडा मरतो व फडफड थांबते. मग तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. पिन घालून कोरू नये. फडात पाचटावर, कोपीत जमिनीवर निजणाऱ्या तोडकरी बंधू-भगिनींना हा त्रास नेहमीचा आहे. मुकादमांनी ही गोष्ट टोळीला जरूर सांगावी.

5. लेकराने कानात ज्वारीचा दाणा, हरभरा, चिंचोका घातला तर पाणी मुळीच घालू नये. दाणा फुगतो व अधिकच रुततो. चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न केला तर तो आत सरकतो. घड्याळातला किंवा खेळण्यातला गोल सेल घातला असेल तर काही तासांतच कातडी जळते. कसलेही थेंब न घालता त्याच वेळी दवाखाना गाठावा.

6. बाजारात, यात्रेत कान कोरून देणाऱ्यापुढे बसू नये. एकच सळई दहा कानांत फिरते.

जावे कोठे?

आपल्या बीड जिल्ह्याचे या बाबतीत नशीब चांगले आहे. अंबाजोगाईस 1974 साली ग्रामीण भागासाठी म्हणून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ते आज स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे कान-नाक-घशाचा विभाग आहे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. 2007 साली केंद्र शासनाने बहिरेपणा टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचा भर कानाचे विकार वेळीच ओळखण्यावर आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते, तीत कान वाहणे व ऐकू कमी येणे हेही पाहिले जाते. पथक शाळेत येईल त्या दिवशी लेकराला रानात नेऊ नका. मागच्या बाकावरचे पोर अभ्यासात ढ आहे असे मास्तर म्हणतात, तेव्हा ते ढ नसून त्याला फळ्याजवळचे बोलणे ऐकूच जात नसेल, असेही असते.

तोडणीला परजिल्ह्यात जाणाऱ्या टोळ्यांबरोबर लेकरेही सहा-सहा महिने फिरतात. त्यांचा वाहता कान हंगाम संपेपर्यंत तसाच राहतो. टोळी निघण्यापूर्वी गावातच कान दाखवून घ्यावा. आपल्या कारखान्याकडे आलेल्या टोळीतले कोणी कान धरून बसलेले दिसले तर त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे, हेही सहकारातच मोडते.

पुढे काय झाले?

आमच्या त्या सभासदांना नातवानेच गाडीवर बसवून कानाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दिव्याने दोन्ही कान पाहिले. उजवा कान स्वच्छ, मळ नावालाही नाही. डाव्यात वर्षानुवर्षे काडीने लोटलेला काळा, वाळलेला खडा. थेंब देऊन आठवड्याने परत बोलाविले आणि खडा काढला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेणबत्ती दोन्ही कानांत लावली होती. ज्या कानात मळ नव्हता त्यातूनही तेवढाच मळ "निघाला" होता. आणि ज्या कानात मळ होता त्यात तो जागच्या जागी बसलेला होता. याहून स्वच्छ हिशेब कोणता?

ते परवा ऑफिसात आले होते. गट नंबर आम्ही एकदाच विचारला. वर त्यांनीच आम्हाला सांगितले, "हळू बोला, मला ऐकू येतंय."

नातवावर मात्र ते रागावलेले नाहीत, आणि आम्हीही नाही. त्याने मायेनेच पाठविले होते. परंतु माया असली म्हणून काटा तपासू नये असे थोडेच आहे? कोणी कोणताही उपाय घेऊन दारी आला, मोबाईलवर दिसला, पाहुण्यांनी सांगितला, की त्याला एकच विचारावे: भरलेल्या गाडीचे वजन दाखवलेत, आता रिकामीचे दाखवा.

पाठावरील प्रश्न

(संध्याकाळी घरच्या मुलांना विचारावेत. उत्तरे वरील मजकुरात आहेत.)

1. पालथा तांब्या पोटाला चिकटतो, मग मेणबत्तीची नळी मळ का ओढत नाही?
2. नळीच्या बुडाशी सापडणारा गोळा कशाचा असतो? तो कानातला नाही हे कसे ओळखाल?
3. पडद्याजवळ मळ कोण नेऊन बसवितो?
4. कानात हरभरा गेला तर पाणी का घालू नये? किडा गेला तर काय करावे?
5. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर किती दिवस वाट पाहावी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हीच देऊन ठेवतो: एकही नाही.